आत्याने मान डोलावली

माझं लग्न मी एकट्याने निभावून नेणार होतो! घरात मोठं माणूस एकच, गोजराआत्या. आई-बाबांमागे तिनेच मला वाढवलं. लहानपणी तापात तिचे दोन्ही कान गेले, पण ओठ वाचण्यात आख्ख्या बोनकोडे गावात तिचा हात धरणारं कुणी नाही. समोरच्या गच्चीवर कुणी कुजबुजलं, तरी ही खालून उत्तर देणार! तिच्यासमोर चहाड्या करायची गावात कुणाची छातीच नव्हती.

करोना आला आणि सगळ्यांच्या तोंडाला मास्क लागले. आत्यासाठी जणू आख्ख्या गावाची लाइट गेली.

लग्न ठरवायच्या बैठकीला ती धास्तावली. "मिथुन, त्यांची तोंडं नाय दिसली तर मी काय बोलू?"

"टेन्शन नको घेऊ! नुसती मान डोलव. मी हाय ना!"

नवरी मनस्वी घणसोलीची. तिचे वडील सितारामशेठ भलतेच शिस्तीचे. डबल मास्क! आतून आवाज असा यायचा, जसा रांजणात कोंडलेला भुंगा. त्यांनी आत्याला विचारलं, "मी माळकरी माणूस. हळदीला मटण नको, चालेल?"

आत्याने मान डोलावली.

आगऱ्यांच्या हळदीत पनीर! माझा चुलतभाऊ प्रणय, त्याला ठसकाच लागला. आणि त्या दिवसांत ठसका म्हणजे बॉम्ब! अर्धी बैठक अंगणात पळाली.

पळालेल्यांना आवरून आणतोय, तोवर सितारामशेठनी पुढचं विचारलं. "लग्नाला पंचवीसच माणसांची परवानगी. त्यात वयस्करांना धोका. तुम्ही घरूनच आशीर्वाद द्याल ना?"

आत्याने हसून मान डोलावली.

"काय मोठं मन!" सासूबाईंनी डोळे पुसले. मीही पुसले! आत्याला सगळं कळतं, असं धरून चालायची माझी जन्माची सवय. मान डोलवायला मीच सांगितलं होतं, हे डोक्यातच आलं नाही. घरीही कुणी विषय काढला नाही. तिनेच होकार दिलाय, पुन्हा काय सांगायचं?

लग्नाच्या सकाळी आत्या हिरवं लुगडं नेसून, नथ घालून तयार. मला वाटलं, आशीर्वाद द्यायला नटलीय! पाया पडलो, मास्कमधून ओरडलो, "तू थांब, आमी जाऊन येतो!" आणि गाडीकडे हात केला. तिने लगबगीने मान डोलावली.

संध्याकाळी मनस्वीला घेऊन परतलो. आत्या ओट्यावर बसलेली. पायात नवी चप्पल, मांडीवर पर्स.

"अरं, किती उशीर! गारी मना न्यायला परत येनार व्हती ना?"

मग तिला मनस्वीच्या गळ्यातलं मंगळसूत्र दिसलं.

मी मास्कमधून काहीतरी बडबडलो. तिने एका बोटाने तो हनुवटीखाली ओढला. "आता बोल."

सांगितलं. सगळं. ती माझ्या ओठांवरून नजर हलवत नव्हती.

"मी हो बोलले?"

"मान डोलावलीस."

"मना काय म्हाईत, कशाला?"

मग ती उठली. भाकरीचा तुकडा आमच्यावरून ओवाळून टाकला. मनस्वीचा मास्क खाली करून तिचं तोंड निरखलं. "बेस हाय माजी सून."

मला धीर आला. "आत्या, आपण देवळात पुन्हा हार घालू! भटजींना बोलावतो, प्रणय फोटो काढेल, तू पुढे उभी राहा, आणि..."

तिने माझा मास्क पार नाकावर चढवला.

"झाक तोंड. करोना हाय."