सुरक्षित अंतर ठेवावे

दाजींनी आयुष्यात जे काही मोठे निर्णय घेतले, ते सगळे तोंडात घास असताना घेतले. मेव्हण्याची गाडी सांभाळायचा निर्णयही असाच झाला. मेव्हणा समोर बसून सांगत होता, की कंपनी त्याला महिना-दीड महिना परदेशी पाठवते आहे आणि ती नवी कोरी स्पोर्ट्‌स कार आठवड्यातून एकदा तरी फिरवली नाही तर तिची बॅटरी बसते. "कोणीतरी जबाबदार माणूस पाहिजे," तो म्हणाला. दाजींनी भरल्या तोंडानं मान हलवली. त्यांना म्हणायचं होतं, की खरंय बाबा, हल्ली जबाबदार माणसं मिळत नाहीत. पण घास गिळून हे बोलेपर्यंत गाडीची किल्ली त्यांच्या ताटाशेजारी येऊन पडली होती.

(साडूभाऊंचा पाय प्लॅस्टरमध्ये नसता, तर किल्ली त्यांच्या ताटाशेजारी पडली असती, हे दाजींनाही ठाऊक होतं. साडूभाऊ गाडी अशी चालवत, की मागे बसलेल्याच्या कपातला चहा हलत नसे. दाजींचं लायसन्स होतं, पण ते बहुतेक वेळा पत्त्याचा पुरावा म्हणूनच बाहेर निघे.)

तरीही दाजी मनातून फुलले. त्याला कारण होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासुरवाडीत कुणी त्यांच्या हाती नाजूक वस्तू देत नसे. पहिल्याच भेटीत त्यांच्या हातून सासूबाईंचा काचेचा जग फुटला. तेव्हापासून सगळ्यांना सरबत काचेच्या ग्लासात आणि जावयाला स्टीलच्या, अशी त्या घराची रीतच पडली. वर "दोन्ही हातांनी धरा हं, जावईबापू," असं सासूबाई प्रेमानं सांगत. आणि आज त्याच घरातली सगळ्यात महागडी, सगळ्यात नाजूक वस्तू दाजींच्या पार्किंगमध्ये, त्यांच्या स्कूटरशेजारी उभी होती.

"एकही ओरखडा न पडता परत द्यायची," दाजी बायकोला म्हणाले. "मग बघू, मला कोण स्टीलचा ग्लास देतं ते."

"आधी आत बसून दाखवा," बायको म्हणाली.

हे मात्र सोपं नव्हतं. गाडी इतकी बुटकी होती, की तिच्यात बसण्यापेक्षा विहिरीत उतरल्यासारखं वाटे. आधी डोकं, मग एक गुडघा, मग थोडा विचार आणि मग उरलेले दाजी, अशा क्रमानं ते आत गेले. जागा दोनच. मागची काच टपालपेटीच्या फटीएवढी. इंजिन सुरू केल्यावर असा आवाज झाला, की वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी खिडकी लावून घेतली.

पहिल्या रविवारी सकाळी दाजींनी गाडी रस्त्यावर आणली आणि डाव्या बाजूनं, कडेकडेनं, चाळीसच्या वेगानं चालवायला सुरुवात केली. थोड्याच वेळात त्यांना मानेवर कुणीतरी श्वास सोडतंय असं वाटू लागलं. आरशात पाहिलं तर मागे एक मोटार होती, पण तिचं फक्त तोंड दिसत होतं. बाकीची मोटार आरशात मावत नव्हती.

"बघ गं, किती जवळ आहे तो?"

बायकोनं वळून पाहिलं. "अगदी टेकलाय. दात दिसताहेत त्याचे."

"हसतोय?"

"छे. जांभई देतोय."

दाजी घाबरले की हळू होत. घरात, दारात, ऑफिसात त्यांची हीच तऱ्हा होती. त्यांनी वेग कमी केला. मागचा आणखी जवळ आला. दाजी आणखी घाबरले, म्हणजे आणखी हळू झाले. शेवटी एक सायकलवाला त्यांना ओलांडून गेला आणि जाताजाता त्यानं सहानुभूतीनं आत डोकावून पाहिलं.

मग बायको म्हणाली, "जाऊ दे ना त्याला पुढे." दाजींनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. मागची गाडीही बाजूला येऊन थांबली. तिच्यातून एक तरुण उतरला आणि त्यानं दाजींच्या खिडकीवर टकटक केली.

"काका, भारी गाडी आहे. किती पळते?"

"ते मालकाला विचारा," दाजी म्हणाले. "माझ्याकडे ती चालते."

तरुणानं गाडीबरोबर फोटो काढला. फोटोत आपण यावं म्हणून दाजींनी मान थोडी बाहेर काढली, तर तो म्हणाला, "काका, जरा आत."

त्या रविवारी आणि पुढच्याही रविवारी दाजींना एक गोष्ट उमगली. मागे चिकटणाऱ्यांत निम्मे पुढे जायला उतावीळ होते आणि निम्मे गाडी पाहायला. दोघांचाही मुक्काम एकच, मेव्हण्याचा बंपर. दाजींना झोपेतही टकटक ऐकू येऊ लागली. मेव्हण्याचा रोज फोन येई आणि तो आधी गाडीची चौकशी करी, मग बहिणीची.

आता दाजींच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. औषधाच्या खोक्यात ती जी घडीवर घडी घातलेली पातळ चिठ्ठी असते ना, जी आपण न वाचता फेकून देतो, ती लिहिणं हे दाजींचं काम. औषधांच्या कारखान्यात एका टेबलाशी बसून ते जगाला सावध करत. गोळी कधी घ्यावी, कधी घेऊ नये, घेतल्यावर काय वाटेल आणि काय वाटलं तर घाबरू नये, हे सगळं ते मुंगीएवढ्या अक्षरात बसवत. एकही शक्यता सुटता कामा नये, असा त्यांचा लौकिक होता. अशा माणसाला गाडीच्या मागे सूचना लावायची बुद्धी झाली, यात नवल काय?

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मजकूर तयार केला. तो असा होता:

"मागून येणाऱ्या सर्व वाहनचालकांस नम्र सूचना. सदर वाहन चालकाच्या मालकीचे नाही. तरी सुरक्षित अंतर ठेवावे. सुरक्षित अंतर म्हणजे पुढील वाहन अचानक थांबल्यास आपणास थांबता येईल इतके अंतर. रस्ता ओला असल्यास, धुके असल्यास अथवा सदर चालक घाबरलेला आढळल्यास हे अंतर दुप्पट करावे. हॉर्नचा अतिरेक टाळावा. क्वचित प्रसंगी चालक विनाकारण ब्रेक दाबण्याची शक्यता आहे. ही लक्षणे तात्पुरती असून थोड्या वेळाने आपोआप जातात. शंका असल्यास आपल्या ड्रायव्हिंग शिक्षकाचा सल्ला घ्यावा."

हे सगळं त्या फटीएवढ्या काचेवर मावायला हवं होतं. दाजींना त्यात काहीच अवघड वाटलं नाही. कारखान्याच्या लेबल छापायच्या मशीनवर त्यांनी ते नेहमीच्या अक्षरात छापून घेतलं आणि काचेवर छान चिकटवलं. बाटली धुतली तरी लेबल सुटू नये, असा त्या कारखान्याचा डिंक होता.

बायकोनं ते पाहिलं. मागे सरकून पाहिलं, पुढे वाकून पाहिलं, नाक काचेला लावून पाहिलं.

"अहो, हे वाचायला केवढं जवळ यावं लागतं."

"वाचलं की मग लांब राहतील," दाजी म्हणाले.

त्या रविवारी बायको काही आली नाही. दाजी एकटेच निघाले. लेबलानं मागची काच झाकली गेल्यामुळे त्यांना आरशात आता काहीच दिसत नव्हतं आणि त्यांना फार दिवसांनी शांत वाटलं. खरी परिस्थिती बाजूच्या लोकांना दिसत होती. आधी जे मागे चिकटत ते निदान आपापल्या कामाला जात होते. आता लोक काम सोडून चिकटू लागले. सिग्नलला एक स्कूटरवाला उतरला, खिशातून चष्मा काढला आणि ओणवा होऊन वाचायला लागला. हिरवा दिवा लागला तरी त्याचं संपेना. त्याच्या मागचे हॉर्न मारू लागले, तर त्यानंच वळून त्यांना सांगितलं, "हॉर्नचा अतिरेक टाळा, इथे लिहिलंय." मग तो दाजींच्या खिडकीशी आला.

"साहेब, चौथ्या ओळीत 'दुप्पट' आहे का 'दुपारी'?"

"दुप्पट," दाजी म्हणाले.

"तेच म्हटलं," असं म्हणून तो समाधानानं गेला.

आणि पुढच्याच चौकात ते घडलं. दिवा पिवळा झाला. पिवळ्याला थांबायचं असतं यावर श्रद्धा असलेला त्या रस्त्यावर एकच माणूस होता, आणि तो थांबला. मागून टक् असा आवाज आला. फार मोठा नव्हता. कपाटाचं दार लागावं एवढाच होता. पण दाजींना काचेचा जग आठवला. इतक्या वर्षांनी सासुरवाडीनं एक वस्तू हाती दिली होती.

ते उतरले (आधी गुडघा, मग डोकं, मग थोडा विचार). मागे ड्रायव्हिंग स्कूलची मोटार होती, टपावर शिकाऊचा लाल बोर्ड, पुढे लोखंडी पाईप. आणि त्या पाईपनं मेव्हण्याच्या बंपरवर छान वाटीएवढा पोचा पाडला होता. दाजींना क्वचितच येतो तो राग आला. ते तावातावानं मोटारीच्या खिडकीशी गेले.

स्टिअरिंगवर मोठा काळा गॉगल लावलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी गॉगल काढला.

"सासूबाई?" दाजी म्हणाले.

"दोन्ही हातांनी धरलं होतं हो मी स्टिअरिंग," सासूबाई म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या शिक्षकांनी दोघांनाही रस्त्याच्या कडेला घेतलं आणि स्वतः चहा सांगायला गेले. अशा वेळी काय करायचं हे त्यांना धंद्यामुळे माहीत होतं.

सासूबाईंनी सगळं सांगून टाकलं. त्यांना कितीतरी वर्षं गाडी शिकायची होती. मुलगा म्हणे, या वयात कशाला, मी आहे ना सोडायला. पण त्याला वेळ कधीच नसे. मैत्रिणीकडे जायचं तरी आठवडाभर त्याची वाट पाहायची. तो परदेशी गेला आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी नाव घातलं. "पहिल्या रविवारी तुम्ही पुढे दिसलात," त्या म्हणाल्या. "शिक्षक म्हणाले, आजी, या गाडीच्या मागे राहा. एवढ्या सावकाश आणि नियमानं चालणारी गाडी गावात दुसरी नाही. तेव्हापासून मी दर रविवारी तुमच्याच मागे असते."

"मग आज काय झालं?"

"तुम्ही काय चिकटवलंय ते वाचत होते. चष्म्यावर गॉगल बसत नाही. म्हणून जरा जवळ आले."

सासूबाई गॉगलची काडी उघडत-मिटत होत्या. इतक्या वर्षांत दाजींनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. घरात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे, आणि इथे त्या शाळेत पकडलेल्या मुलीसारख्या बसल्या होत्या.

"त्याला कळलं तर सगळं बंद होईल," त्या हळूच म्हणाल्या. "परीक्षा तोंडावर आलीय."

दाजींना त्यांची कणव आली. खरोखरच आली. आपल्यावर कुणी विश्वास टाकत नाही, हे दुखणं त्यांना पुरतं ठाऊक होतं.

"पोचा मी पाडला," दाजी म्हणाले. "तुम्ही परीक्षा द्या. आणि उरलेल्या रविवारीही माझ्या मागेच या. फक्त वाचू नका."

सासूबाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला. दोघांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून चहा घेतला. दाजींना दिलेला ग्लास काचेचा होता, पण ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मेव्हणा परत आला, तेव्हा सगळे त्याच्या घरी जमले होते. साडूभाऊही काठी टेकत आले होते. मेव्हणा काचेवरची सूचना वाचायला खाली वाकला आणि वाकल्यावर त्याला बंपर दिसला.

"हे कुणी केलं?"

दाजींनी उत्तर घोटून पाठ केलं होतं. गाडी मागे घेत होतो, खांब होता, ऊन डोळ्यांवर आलं, वगैरे. एवढं पटेल की नाही याची त्यांना धाकधूक होती. त्यांनी घसा खाकरला. "माझ्या हातून..."

"बरं," मेव्हणा म्हणाला.

"होतं असं," साडूभाऊ म्हणाले. "तुमच्या बाबतीत."

बायकोनं नुसता उसासा टाकला. खांबाबद्दल कुणी विचारलंच नाही. ऊन तर वायाच गेलं.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. सासूबाई पहिल्या झटक्यात परीक्षा पास झाल्या, त्यांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं आणि लायसन्स टेबलावर ठेवलं. मेव्हणा थक्क झाला, मग त्यानं आईला मिठी मारली, आणि आपण कधी विचारलंही नाही म्हणून त्याला वाईटही वाटलं. सासूबाई ताठ बसल्या होत्या. दाजींना त्यांचा इतका अभिमान वाटला, की त्यांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

"अजून एक सांगायचंय," सासूबाई म्हणाल्या. "तो पोचा जावईबापूंनी पाडला नाही. मी पाडला. त्यांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतला."

दाजींनी मान खाली घातली. आता काय काय ऐकायला मिळेल, या कल्पनेनं त्यांचे कान गरम झाले होते.

मेव्हण्याचे डोळे भरून आले. "आई," तो म्हणाला, "दाजींची बाजू सावरायला तू असं खोटं बोलशील, असं वाटलं नव्हतं."

"मोठं मन लागतं," साडूभाऊ म्हणाले.

"अरे, खरंच मी ठोकली," सासूबाई म्हणाल्या.

"पुरे आता, आई," मेव्हणा मायेनं म्हणाला. "पहिल्या झटक्यात पास होणारी बाई अशी ठोकेल का?"

सासूबाईंनी दाजींकडे पाहिलं आणि हतबल होऊन हात पसरले. तेवढ्यात बायकोनं डोळे पुसत दाजींना कोपरानं ढोसलं.

"आई जन्मात कधी खोटं बोलली नाही. आज तुमच्यासाठी बोलली. निदान आभार तरी माना."

मग दाजी उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांसमक्ष सासूबाईंचे आभार मानले.