मधुकररावांच्या गाडीचा झेप-पवित्रा

मुलांनो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. गळ्याशप्पथ. मी तिथेच होतो, गाडीपासून हातभर अंतरावर. म्हणजे त्या दिवशी मी परगावी होतो, पण ज्याने मला सांगितलं तो हातभर अंतरावर होता. तो थोडं वाढवून सांगतो, पण खोटं बोलत नाही. आता मांडी घालून बसा आणि मध्ये प्रश्न विचारू नका. प्रश्न विचारले की खऱ्या गोष्टी बिघडतात.

तर एका जंगलात, जिथे धड रस्ता एकच होता पण गाड्या पुष्कळ होत्या, मधुकरराव नावाचं एक अस्वल राहायचं.

मधुकररावांकडे एक स्पोर्ट्स कार होती. लाल. दोन दारांची, दोन सीटांची आणि इतकी बुटकी, की छतावरून सशालाही पलीकडचं दिसायचं. तिचा पहिला मालक चित्ता. तो जंगल सोडून कायमचा परदेशी गेला, तेव्हा गाडी मधुकररावांच्या गळ्यात घालून गेला. त्याला आता तीस वर्षं झाली होती.

एका सीटवर मधुकरराव बसायचे. दुसरी सीट त्यांच्या बायकोची, कुसुमताईंची. लग्नानंतर सगळं जंगल या दोघांनी त्या दोन सीटांवरून पाहिलं होतं. मधुकररावांचा जीव गाडीत होता असं सगळे म्हणायचे. खरं तर त्यांचा जीव त्या दुसऱ्या सीटवर बसून "अहो, हळू!" म्हणणाऱ्या आवाजात होता. पण हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. अस्वलं असलं काही सांगत नाहीत.

पुढे गाडी म्हातारी झाली. खड्डा आला की मागून आधी 'कुईं' व्हायचं, मग 'धप्प'. वळणावर गाडीचा मागचा भाग स्वतःच्या मताने जायचा. शेवटी ताडपत्री घालून ती अंगणात उभी राहिली. आठ महिने झाले. कुंपणावर भंगारवाले गिधाडशेठ येऊन बसू लागले. बोलायचे काही नाहीत. नुसते बघायचे.

कुसुमताई म्हणाल्या, "अहो, दसऱ्याला मला आईला सोनं द्यायला माहेरी जायचंय. याच गाडीतून घाट चढून नेलंत तर गाडी राहील. नाही नेलंत, तर त्या शेठना आत बोलावते."

"पंधरा दिवस आहेत," मधुकरराव म्हणाले. "मागचं सस्पेन्शन सगळं उतरवतो. जुने बुश, म्हणजे सांध्यांतली रबरं, काढतो, नवे घालतो. शॉकअप नवे, स्प्रिंगा नव्या."

"म्हणजे पांडबा मिस्त्रीला सांगणार?"

"मिस्त्री कशाला? घरीच करतो. दोन हात दिलेत देवाने."

कुसुमताईंनी त्या दोन हातांकडे पाहिलं. गेल्या महिन्यात याच हातांनी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त झाला होता, आणि तेव्हापासून त्या पाणी बाहेरून भरत होत्या.

त्या जंगलात हुप्पेसर नावाचे एक वानर होते. ते मोबाइलवर व्हिडिओ करायचे. 'घरच्या घरी मागचं सस्पेन्शन, फक्त अठरा मिनिटांत!' हा त्यांचा व्हिडिओ मधुकररावांनी अकरा वेळा पाहिला. त्यात हुप्पेसर म्हणायचे, "आता आपण हा बोल्ट काढू या." मग संगीत वाजायचं. संगीत थांबलं की बोल्ट सरांच्या हातात असायचा.

मधुकररावांचा बोल्ट चार दिवस निघाला नाही. गंज सोडवायचं तेल घातलं, हातोडी मारली, पान्याला लांब पाइप लावून त्यावर स्वतः उभे राहिले. संगीत त्यांच्याकडेही होतं, पण ते त्यांच्याच तोंडून येत होतं आणि मुलांनी ऐकण्यासारखं नव्हतं. पाचव्या दिवशी बोल्ट निघाला. अर्धा.

आठव्या दिवशी कुसुमताईंनी फ्रिज उघडला आणि हाक मारली.

"अहो, हे अळूवडीच्या उंड्यांशेजारी काय ठेवलंय?"

"बुश! गारठले की आकसतात, मग पटकन आत बसतात. हुप्पेसरांनी सांगितलंय."

"मी उंडा समजून आत्ता तेलात सोडणार होते!"

"अगं नको! तेल लागलं की रबर खराब होतं."

बाराव्या दिवशी बुश बसले. तेराव्या दिवशी शॉकअप आणि स्प्रिंगा चढल्या. गाडी जॅकवर उचलून, खाली लाकडी ठोकळे देऊन ठेवली होती आणि मागची चाकं हवेत लोंबकळत होती. आता सगळे बोल्ट शेवटचे घट्ट आवळायचे, की झालं.

नेमका तेव्हा पांडबा मिस्त्री रस्त्याने चालला होता. पांडबा म्हणजे खवलेमांजर. वडाखाली त्याचं गॅरेज होतं. त्याला पाटी नव्हती, व्हिडिओ तर नव्हताच. तो थांबला, वाकला आणि गाडीखाली डोकावला.

"काम स्वच्छ केलंय साहेब," तो म्हणाला. "फक्त आत्ता आवळू नका. गाडी खाली घ्या, चाकं जमिनीला टेकू द्या. सगळं वजन बुशांवर आलं की मग आवळा. लोंबत्या चाकांवर आवळलंत तर रबर त्याच जागी धरून बसेल. गाडी खाली आली की त्याला पीळ बसणार. गाडी नीट बसायची नाही, आणि रबरही लवकर फाटेल."

"हुप्पेसरांनी असं कुठे दाखवलं नाही."

"त्यांच्या व्हिडिओत गाडी खाली आलीच नाही, साहेब. त्याआधी अठरा मिनिटं संपली."

मधुकरराव विचारात पडले. पांडबाचं पटत होतं. पण एक अडचण होती. गाडी खाली आली की तिच्याखाली चार बोटं जागा उरायची, आणि मधुकररावांचं पोट चार बोटांचं नव्हतं. चाळीस बोटं तरी असेल.

पांडबाला अडचण दिसली. तो मुळात चपटा, जमिनीलगत चालणारा. "मी घुसतो की खाली," तो म्हणाला. "दहा मिनिटांचं काम."

"नको!" मधुकरराव एकदम म्हणाले. "मग सगळी घरी केली असं कसं सांगू लोकांना?"

"दहा मिनिटं वगळून घरी केली, असं सांगा."

"असं कोणी सांगतं का, पांडबा?"

पांडबाने जिभेने एक मुंगी टिपली आणि तो निघून गेला. मधुकररावांनी गाडीखाली आडवं होऊन, हवेतच, सगळे बोल्ट असे आवळले की पान्याने हात जोडले.

दसरा उजाडला. गाडीला झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. सगळं जंगल बघायला आलं. गिधाडशेठ पहिल्या रांगेत, हातगाडी घेऊनच आले होते. मधुकररावांनी ठोकळे काढले आणि जॅक हळूहळू उतरवला.

गाडीचं नाक खाली आलं. मागचा भाग आलाच नाही.

म्हणजे चाकं टेकली, लिंबं चिरडली, पण त्यावरचा भाग वीतभर उंचच राहिला. आळस देणाऱ्या मांजरासारखी गाडी उभी होती. झेंडूच्या माळा घरंगळत काचेवर येऊन जमा झाल्या.

गिधाडशेठनी हातगाडी दोन पावलं पुढे ढकलली.

हुप्पेसर मोबाइल उंच धरून पुढे आले. "मधुकरराव, मागून इतकी वर कशी?"

मधुकररावांना कारण माहीत होतं. पांडबा गर्दीतच उभा होता. "चुकलं रे, ये बाबा," एवढं म्हटलं असतं तर दहा मिनिटांत गाडी सरळ झाली असती. शब्द ओठांवर आले होते. पण समोर मोबाइल होता.

"मुद्दाम," मधुकरराव म्हणाले.

"मुद्दाम?"

"वाघ झेप घेण्याआधी कसा बसतो? पुढून खाली, मागून वर. याला झेप-पवित्रा म्हणतात. घाटात पकड येते."

"अरे वा!" हुप्पेसर ओरडले. सगळं जंगल "अरे वा!" म्हणालं. एका कोल्ह्याने हे आपल्याला आधीपासून माहीत असल्याचं सांगितलं. गिधाडशेठनी हातगाडी मागे घेतली आणि तिची मागची बाजू किती उचलता येईल ते बघू लागले.

फक्त कुसुमताई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या आत जाऊन बसल्या आणि गाडी निघाली.

घाटात त्यांचे हाल झाले. सीटच उतरती, त्यामुळे त्या सारख्या पुढे घसरायच्या. एकदा कपाळ काचेला लागलं. दोन्ही पाय पुढे रोवून, मांडीवर आपट्याच्या पानांची पुडी धरून त्यांनी तो घाट चढला. "अहो, हळू," असंही त्या म्हणाल्या नाहीत. दात आवळले होते ना.

माहेरी त्यांच्या आई ओट्यावर आल्या. त्यांनी गाडी पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले. "कुसुम," त्या म्हणाल्या, "जावईबापूंनी गाडीलासुद्धा वाकून नमस्कार करायला शिकवलंय गं."

अशी गाडी वाचली. कबूल केल्याप्रमाणे कुसुमताईंनी गिधाडशेठना कुंपणावरून उठवलं.

आणि मधुकरराव मोठे झाले. महिनाभरात जंगलात एकही गाडी सरळ उभी राहिली नाही. रानडुकरांच्या जीपा, सांबराची स्कूटर, सगळ्यांच्या मागच्या बाजू आकाशाकडे. मधुकररावांच्या अंगणात 'झेप-पवित्रा वर्ग' सुरू झाला. हुप्पेसर स्वतः त्यांना सर म्हणू लागले. दुसऱ्या महिन्यात सगळ्यांचे बुश फाटले आणि वडाखाली रांग लागली. पांडबाने गॅरेजात मधुकररावांचा फोटो लावला. रोज सकाळी हार घालायचा.

फाटलेल्या बुशांत मधुकररावांचेही होते. चेहऱ्याला मफलर गुंडाळून तेही वडाखाली गेले.

"सरळ बसवून देऊ का?" पांडबाने विचारलं. "दहा मिनिटं."

मधुकररावांनी मफलर आणखी वर ओढला. मग हळूच म्हणाले, "चुकीचीच बसव. पण मागच्या वेळेइतकी चुकीची. उद्या वर्ग आहे."

"तसं करायला अर्धा दिवस लागेल, साहेब. मला सवय नाही."

हे सगळं झालं, पण कुसुमताई त्या गाडीत पुन्हा बसल्या नाहीत. मधुकरराव रोज विचारायचे. त्या रोज नाही म्हणायच्या. एके संध्याकाळी ते गाडीचं दार उघडून अंगणात उभे राहिले.

"चल ना. तळ्यापर्यंत जाऊन येऊ."

"नाही."

"का? कपाळ लागलं म्हणून? चूक झाली तर माणूस..."

"चूक?" कुसुमताई म्हणाल्या. "चूक असती तर हजारदा बसले असते. तीस वर्षं दुसरं काय केलं? पण तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, मुद्दाम. बायकोला मुद्दाम उतारावर बसवून घाटातून नेलंत. मग मी कशाला बसू?"

मधुकररावांनी इकडेतिकडे पाहिलं. कुंपणावर कोणी नव्हतं. मोबाइल नव्हता. विद्यार्थी घरी गेले होते.

"मुद्दाम नव्हतं गं," ते म्हणाले. "पोट आड आलं. पांडबाने सांगितलं होतं, ऐकलं नाही. चुकलं माझं."

कुसुमताईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग पदर खोचला, आत बसल्या, दोन्ही पाय पुढे रोवले आणि म्हणाल्या, "अहो, हळू."

तात्पर्य: चूक लगेच कबूल केली की दहा मिनिटांत दुरुस्त होते. म्हणून, मुलांनो, ती कधीही कबूल करू नका. तिला भारदस्त नाव द्या आणि वर्ग काढा. दहा मिनिटांच्या कामासाठी जगात कोणी कोणाला सर म्हणत नाही.

आता शपथ घेतलीच आहे तर एक सांगून टाकतो. अस्वल खरं, गाडी खरी, फोटोला हारही खरा. रचलंय ते फक्त शेवटचं. मधुकरराव "चुकलं माझं" असं म्हणालेच नाहीत. "झेप-पवित्रा सगळ्यांना झेपत नाही," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. त्या दुसऱ्या सीटवर हल्ली ते बोल्ट आवळायचे पाने ठेवतात. घाटात सगळे घसरून पुढे येतात.