मत्स्यनामांचा ग्रंथ व दोब्रावा कोळीण

जळास आणि जळांतील जीवांस नमस्कार करून, कोणाची भीड न धरितां लिहिलें असे. शके १५७१, विरोधीनाम संवत्सर. उत्तरेस स्लाव भाषेचा एक मुलूख, निम्मे वर्ष बर्फाखालीं. तेथील महाराजांचे मनांत आलें कीं, माशांस नांवें कोठून आलीं याचा ग्रंथ व्हावा, आणि सर्व नांवें आपले मूळपुरुषांनींच ठेविलीं ऐसें त्यांत यावें. मग पंडित व्लास्तीमीर यांची स्वारी निघाली आणि नदीकांठीं दोब्रावा कोळिणीचे झोपडीस आली. दोब्रावा साठ वर्षांची, एकली. तीन हिवाळ्यांमागें बहीण वारली. त्या कोळियांची चाल ऐसी कीं, कांठावर एकानें मासा धरावा, दुसऱ्यानें त्याचें नांव सांगावें आणि तें कां पडलें तेंही सांगावें, मगच चुलीवर चढवावा. एकल्यानें नांव घेतलें तर तें पाण्यांत जातें, पुन्हां तोंडीं येत नाहीं. सबब बहीण गेलियापासून तिनें निनांवी मासे खाल्ले आणि जिव्हा जड जाहाली.

पंडित आले हें पाहून म्हातारी हरखली आणि घागरींतून जिवंत मासा काढून पुढें जाहाली. "धरा, पंडितबाबा. धराल तर सांगतें."

पंडित म्हणाले, "हातास वास राहातो, परवां दरबार आहे. तूं सांग, मी लिहितों."

"लिहावयास एक हात पुरे. दुसरा काय करितो?"

"कागद धरितो."

मग म्हातारीनें हंसणें सोडिलें आणि म्हणाली, "एकदांच धरा. तीन हिवाळे माझे समोर कोणीं मासा धरिला नाहीं."

पंडितांनीं धरिला नाहीं. येथील लोक मुके, नांवें जाणत नाहींत, ऐसें लिहून स्वारी माघारीं गेली. ज्यास मासा शिवेना त्यानें माशांचा ग्रंथ केला, आणि दरबारानें त्यास शालजोडी दिली. थू त्या शालजोडीवर.

इकडे आतां नांव ऐकावयास दुसरें कोणी येत नाहीं, मग राखून काय करावें, ऐसें म्हणोन दोब्रावा पाण्याशीं गेली आणि मासा आपणच दोहों हातीं आपले तोंडासमोर धरिला. त्यानें तिजकडे थोर डोळ्यांनीं पाहिलें. मग ती हळू बोलली, "ओकुन. ओको म्हणजे डोळा. डोळे थोर, म्हणोन ओकुन." पलीकडून कोणी हूं म्हणालें नाहीं. नांव पाण्यांत गेलें, तर माशानें कां राहावें, म्हणोन तोही सोडिला आणि कोरडी भाकरी खाऊन निजली. दुसरे दिवशीं दुसरा मासा धरिला, तिसरे दिवशीं तिसरा. बर्फ पडावयाचे आंत सारीं नांवें सरलीं.

ग्रंथ दरबारीं रेशमी रुमालांत आहे. त्यांत ओकुन नाहीं. इतकेंच वर्तमान.