दर शुक्रवारी एक बोध

माणूस घरी जे शहाणपण शिकतो ते बाहेर पडताना घरीच ठेवून येतो, आणि म्हणूनच संस्थांची वाढ खुंटते. हे सत्य विश्रांतवाडीतल्या आमच्या कार्यालयाला (काम: पाणी शुद्ध करायच्या यंत्रांच्या तक्रारी ऐकून घेणे) मार्च महिन्यात उमगलं. लगेच परिपत्रक निघालं. 'गृह ते वृद्धी' या उपक्रमांतर्गत प्रत्येक कर्मचाऱ्याने दर शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत घरगुती आयुष्यातला एक बोध सादर करायचा. अर्जात तीन रकाने: घटना, बोध, कंपनीला फायदा. (चौथा रकाना 'घरच्यांचं मत' असा होता. पहिल्याच आठवड्यात तो काढण्यात आला.)

उपक्रमाला उत्स्फूर्त प्रतिसाद मिळाला, कारण तो सक्तीचा होता. पहिल्या महिन्यात बासष्ट कर्मचाऱ्यांकडून दोनशे अठ्ठेचाळीस बोध जमा झाले. त्यांपैकी एक्क्याण्णव कुकरच्या शिट्टीबद्दल होते (संयम) आणि चाळीस सासूबद्दल (गोपनीय कपाटात). जे कॉट बेसिसवर राहतात त्यांनी शेजारच्या कॉटवरून काय मिळेल ते शिकून घेतलं. माझ्या बाजूला बसणाऱ्या योगेशने लिहिलं, की कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवली की पोळी मऊ होते. तद्वत कर्मचाऱ्यालाही जेवणानंतर अर्धा तास झाकून ठेवावं. त्याला लेखी उत्तर आलं: बोध उत्तम, परंतु तो कणकेपुरता मर्यादित ठेवावा.

मी मात्र नशीबवान. इतरांना बोध शोधावे लागत; माझ्या घरी ते रांगत होते. मुक्ताई तेव्हा अकरा महिन्यांची होती. मी सहज लिहून दिलं, की ती जेवायला तोंड उघडत नाही, पण 'हा घास चिऊचा, हा घास काऊचा' म्हटलं की वाटी संपते.

मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख प्रियदर्शनी मॅडमनी या बोधाची अंमलबजावणी सोमवारीच सुरू केली. तनुजा फेब्रुवारीत नोकरी सोडून गेली होती, जयसिंग त्याच्या आधी. त्यांच्या जागा भरायच्या राहिल्या होत्या. मॅडम पाच-पाच तक्रारींचा छोटा गठ्ठा घेऊन टेबलाशी येत आणि प्रेमाने म्हणत, "हा घास तनुजाचा."

"मॅडम, पोट भरलं," योगेश म्हणाला.

"शहाणं बाळ ना ते? एवढा जयसिंगचा, मग झालं."

कामाचा निपटारा चौतीस टक्क्यांनी वाढला. (एप्रिलच्या कार्यक्षमता यादीत तनुजा तिसरी आली. आम्ही टाळ्या वाजवल्या.)

आता माझा स्वार्थ सांगते. मुक्ताईचं पाळणाघर वारज्यात, ते सातला बंद होतं. ऑफिस सव्वासहाला सुटतं आणि विश्रांतवाडीहून वारज्याला पोचायला संध्याकाळी सव्वा तास लागतो. रोज साडेसातला हेमाताईंच्या, म्हणजे पाळणाघर चालवणाऱ्या बाईंच्या, खांद्यावरून पेंगलेली मुलगी उचलायची, असा क्रम. म्हणून पाडव्यालाच मी अर्ज दिला होता: सकाळी पाऊण तास आधी येते, मला साडेपाचला सोडा. अर्ज विचाराधीन होता. आमच्याकडे इतका विचार दुसऱ्या कशाचाच होत नाही.

शेवटी मी बोधातूनच घुसले. घटना: सहा वाजल्यापासून बाळ दाराकडे बघत बसतं. (सोबत हेमाताईंनी पाठवलेला फोटो.) बोध: ज्याला त्याला वेळेवर घरी सोडावं.

बोध मंजूर झाला, किरकोळ दुरुस्तीसह. 'ग्राहकाची अशी वाट बघा' या ओळीखाली मुक्ताईचा फोटो मोठा करून तक्रार कक्षात लावण्यात आला. तेव्हापासून मला ती कामाच्या वेळेत दिवसभर दिसते, ही सोय मान्य करायला हवी.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी हेमाताई म्हणाल्या, "तिला आता बूट घ्या हो."

"अजून चालते कुठे?"

हेमाताईंनी लगबगीने तिची पिशवी माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "नाही, थंडीचे म्हणून म्हटलं."

बाहेर एकोणचाळीस अंश होतं.

हेमाताई तीस वर्षं पाळणाघर चालवतात. मुलाचा पहिला शब्द, पहिलं पाऊल आईला सांगायचं नाही, असा त्यांच्याकडे नियम आहे. आईने घरी बघावं आणि तेच पहिलं समजावं. हा नियम कुठेही छापलेला नाही आणि त्यावर कोणाची सही नाही, तरी तो पाळला जातो.

शुक्रवारी मी घटना लिहिली, बोध लिहिला आणि 'कंपनीला फायदा' या रकान्यात लिहिलं: काही नाही.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. "असं चालत नाही. प्रत्येक गोष्टीचा फायदा असतो."

"मॅडम, मला आज साडेपाचला जायचंय. तिने दुसऱ्यांदा पाऊल टाकायच्या आत."

त्यांनी अर्ज पुन्हा वाचला. त्यांचा मुलगा वरद अमरावतीला आजीकडे वाढला, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

"वरद कितव्या महिन्यात चालला हो?" मी विचारलं.

"व्हिडिओ आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. मग फायद्याच्या रकान्यावर सरळ रेघ मारून त्यांनी खाली लिहिलं: प्रायोगिक तत्त्वावर, सोमवार ते शुक्रवार. आजपासून.

पावणेसातला मी दारात होते. मुक्ताई जागी होती. हेमाताईंचा गुडघा सोडून ती माझ्याकडे आली, चार पावलं, पाचव्याला बसली.

"पहिल्यांदाच हो," हेमाताई म्हणाल्या. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"हो ना," मी म्हटलं.

आता तुम्ही विचाराल, की यातून घ्यायचं काय. विचारणारच, दहा मिनिटं घालवलीत म्हणजे पदरात काही पडायला हवं, अशी आपल्याला सवय लागली आहे. तेव्हा तुमच्यासाठी एकच प्रश्न आहे, त्याचं उत्तर कुठेही सादर करायचं नाही. घरी तुमची वाट बघणारं कोणी आहे का? आहे ना? मग इथे वाचत काय बसलात?