साठ पावलांचा अर्ज

माणूस पडतो, याचं मूळ कारण म्हणजे तो उभा राहतो. आमच्या वृद्धाश्रमाच्या पतन-प्रतिबंधक समितीनं हे शास्त्रशुद्ध सिद्ध केलंय. गेल्या वर्षी पडलेल्या एकोणीस जणांची चौकशी झाली. एकोणीसही जण त्या क्षणापर्यंत उभे होते. (विसावे आजोबा बसल्या जागी घोरता घोरता घसरले. त्यांची नोंद ‘जमिनीवर स्थलांतर’ अशी केली.)

आधी न्हाणीघरात धरायला कठडे बसवायचं घाटत होतं. पण कठडा धरायचा तर उभं राहणं आलं, म्हणून ते बारगळलं. त्याऐवजी उभं राहण्याचा अर्ज निघाला. कारण, पावलांची संख्या, परतीची वेळ, नातेवाइकाची सही. अर्ज कार्यालयात स्वतः आणून द्यायचा. (चालत आणल्यास शिस्तभंग.)

टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या आजींनी लिहिलं : ‘रविवारी मुलगी येते. तिला फाटकापर्यंत सोडायचंय. जाऊन-येऊन साठ पावलं.’

“अगं पोरी, तीस वर्षं टेकड्या चढून पत्रं वाटली मी. कुत्री मागं लागली तेव्हासुद्धा पडले नाही!”

“म्हणूनच, आजी. एवढा विक्रम कशाला मोडायचा?” मी समितीची चिटणीस, मायेनंच बोलले.

मुलीनं सही दिली नाही. “नको हो. तिचं हाडबीड मोडलं तर माझी एकही रजा शिल्लक नाही.”

आजी खुर्चीत बसल्या. रविवारी मुलगी एकटीच फाटकाकडे जायची, आजी मान लांब करून बघायच्या. असे चार महिने गेले. दारातल्या फलकावर पडलेल्यांची संख्या शून्य.

मग मुलीलाच वाईट वाटलं. तिनं सही केली, अर्ज मंजूर झाला. आजींनी पदर खोचला, खुर्चीचे हात धरले, जोर लावला. पुन्हा लावला. पाय काही उचलेनात. (त्या पडल्या नाहीत, हे इथे नमूद करायला हवं.)

मुलगी धावली. “आई, लागलं का? पडली नाहीस ना?”

“नाही गं बाई. पडायला आधी उठावं लागतं.”

हे वाक्य आम्ही चौकटीत घालून दर्शनी भिंतीवर लावलंय.

परवा तुमची मुलं खोल्या बघून गेली. गुणी आहेत. उजेड, वारा, जेवण, काही म्हणून विचारलं नाही. एकच प्रश्न : “इथे कुणी पडत नाही ना?” मी फलकाकडे बोट दाखवलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. तुमच्या मापाची खुर्ची त्यांनी उभ्या उभ्याच निवडली.