अप्पांची दफा सात

काशिनाथअप्पांच्या फटफटीचं मागचं सीट कायम रिकामं असायचं, आणि त्यावर जागा मात्र कुणालाच कधी नसायची.

हे मी भोगलेलं सांगतोय. जिंतूरला मास्तर म्हणून लागलो तेव्हा माझी शाळा गावापासून दीड कोसावर, चारठाण्याच्या रस्त्याला. एस्टी आली तर आली. मी आपला चालत निघायचो, आणि अर्ध्या वाटेत मागून फटफट ऐकू यायची. अप्पा मळ्याला चक्कर मारायला निघालेले. माझे सख्खे शेजारी, भिंतीला भिंत. माझ्याजवळ आले की वेग कमी करायचे. मी आशेनं पिशवी सावरायचो. ते म्हणायचे, "जागा न्हाई, मास्तर." आणि पुढं निघून जायचे. सीट माझ्या डोळ्यांदेखत रिकामं, वर लाल खारव्याच्या कापडाची गादी, जाड टाक्यांची. आता सांगा, माणसाचं डोकं फिरंल का न्हाई?

अप्पा तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसणारे अर्जनवीस. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. निजामाच्या अमदानीत उर्दूतून शिकलेले, त्यामुळं कलमाला ते दफाच म्हणायचे. कुणी तावातावानं काही सांगायला लागलं की टाक उचलायचे आणि म्हणायचे, "बोलू नका, लिहा. बोलणं वाऱ्यावर जातं." हयातीत त्यांनी एका अर्जात खोटं अक्षर लिहिलं नाही, असं अख्खा तालुका सांगायचा. त्यामुळं गिऱ्हाईक बेताचंच होतं.

घरातसुद्धा दफाच. दारावर पुठ्ठा टांगलेला. चपला काढाव्यात, त्यांची तोंडं गल्लीकडं असावीत. मांजरानं चुलीपाशी बसू नये. दफा पाच मला महागात पडली: चहाला एकदाच विचारले जाईल. पहिल्या दिवशी मी रीतीप्रमाणं "कशाला उगंच" म्हणालो. अप्पांनी मान डोलावली आणि माझ्यासमोर बसून दोन्ही कप प्याले. वर म्हणाले, "दफा वाचून यावं मानसानं."

आणखी एक खोड. फटफटी चालू झाली की लगेच निघायचे नाहीत. मान अर्धी मागं वळवून क्षणभर थांबायचे, मग क्लच सोडायचे. गल्लीत शेळीशिवाय काही नसायचं. मी समजायचो, हीपण एखादी दफा असंल.

ऐंशीनंतरची ती वर्षं. नामांतराच्या धगीत गावागावांत माणसं तुटलेली. आमच्याकडंही एका गल्लीतला माणूस दुसऱ्या गल्लीतल्या हॉटेलात चहाला जाईना. सगळे एकत्र दिसायचे ते फक्त सलीम मिस्त्रीच्या दुकानापुढं, कारण फटफट्या सगळ्यांच्याच बिघडायच्या. तिथंही भांडणच: माझी गाडी पळती का तुझी. एकदा हातघाईवर आलं. अप्पा प्लग साफ करून घ्यायला आलेले. म्हणाले, "बोलू नका, लिहा. मी शर्यतीच्या दफा लिहितो. महादेवाच्या जत्रंला, पऱ्हाट्या उपटलेल्या रानात, ओढ्यातून पलीकडं, अन् परत. तीन फेरे."

तीन दिवसांत त्यांनी अर्जाच्या कागदावर वळणदार अक्षरात दफा उतरवल्या. गाडी दोनशे सीसीच्या आतली आणि दहा वर्षांहून जुनी असावी. टायर सडकेचेच असावेत. गाडी चालत यावी, टेम्पोत घालून आणल्यास ती गाडी नसून सामान समजण्यात येईल. दफा चार ऐकून सगळ्यांनी तोंडं वाकडी केली: गाडी पडल्यास ढकलणारा इसम दुसऱ्या गल्लीचा असावा. दफा सहा: पाच गाड्या न भरल्यास शर्यत रद्द.

दफा सातवर मात्र आरडाओरडा झाला. मागचं सीट काढू नये.

"क्या अप्पा," सलीम म्हणाला, "रेस में पीछे का सीट काहेकू? फुकट का वजन!"

"असू द्या."

"पर कायकू?"

"लिहिलंय न्हवं? असू द्या."

आणि दफा आठ, अप्पांना जिचा लय अभिमान होता ती. जिंकलेली गाडी, दिवस मावळायच्या आत दोन पोती ज्वारी आणून ठेवील त्याला, मालकानं बिनतक्रार द्यावी. मी म्हणालो, "अप्पा, हा तर दरोडा झाला."

"मास्तर, श्रीमंताचं पोरगं हैदराबादेहून पिस्टन आणंल, गरिबाचं काय आणंल? दोन पोत्यांत गाडी जायची भीती असली की कोन कशाला तिच्यात पैसा घालील? शर्यत खेळायची हाय, मिरवायची न्हाई."

मास्तर असून मला हे सुचलं नसतं. दफा नऊ होती ती मुद्दाम हरणाऱ्यास कायमचा बाद करण्याची, पण तिकडं तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही.

काय मजा यायची हो! ओढ्याच्या चिखलात गाडी फसली की काठावरून माणूस उड्या मारत जायचा, ढकलायचा, स्वाराबरोबर चिखलात लोळायचा. वर्षभर ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्याच खांद्यावर हात टाकून बाहेर यायचं, कारण एकट्याचे पाय तर चिखलात टिकायचे नाहीत. सायलेन्सर पडायचे, साखळ्या तुटायच्या, अन् हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी. दोन वर्षं शर्यत झाली, दोन्ही वेळा एकाही गाडीला कुणी दोन पोती ज्वारी लावली नाही. तेवढी लायकी एकीचीही नव्हती.

तिसऱ्या वर्षी चारठाण्याकडचे बाबाराव आले. मोठं बागायत, मोठ्या मिशा, आणि गाडीला शेतातल्या ट्रॅक्टरसारखे दातेरी टायर. अप्पांनी पट्टी लावून मोजले आणि म्हणाले, "बाद." बाबारावांनी टायर बदलले, पण डोळे लाल. त्यात पाचवी गाडी आलीच नाही. चारच भरल्या. शर्यत रद्द करावी तर पंचक्रोशी गोळा झालेली.

"अप्पा, तुमची काढा की," कुणीतरी ओरडलं. जुनी, दोनशेच्या आतली, चालत आलेली, सीटासकट. सगळ्या दफांत बसत होती. अप्पांनी दोनदा कागद वाचला, पळवाट सापडते का बघितलं. स्वतः लिहिलेला कागद, पळवाट कुठली? पंचाचं रजिस्टर माझ्या हातात दिलं आणि धोतराचा सोगा खोचून निघाले.

त्या दिवशी ओढ्याला पाणी जास्त होतं. चौघं वाऱ्यासारखे गेले आणि चौघंही चिखलात आडवे. अप्पा मळ्याला जायचे त्याच चालीनं, मान ताठ ठेवून, प्रत्येक खड्ड्याआधी वेग कमी करत तीन फेरे काढून आले. पहिले! लोकांनी टोप्या उडवल्या. हलगीवाला बेभान. अप्पा लाजून हसले, आणि ते हसू पुरतं उमटायच्या आत बाबारावांची बैलगाडी येऊन उभी राहिली. गाडीत दोन पोती ज्वारी.

"दफा आठ," बाबाराव म्हणाले.

एकच गलका उठला: "मस्करी हाय ती, अप्पा! देऊ नका!" खरं सांगतो, मीही म्हणालो, "कागद फाडून टाका, अप्पा. तुमचाच तर हाय."

अप्पांनी चष्मा लावला आणि दफा आठ मोठ्यानं वाचली, शेवटच्या शब्दापर्यंत. चावी बाबारावांच्या हातात दिली. सलीम पाना घेऊन धावला, "गादी तो निकाल लेता हूं, अप्पा!" अप्पांनी त्याचा हात धरला. "न्हाई. दफा सात."

आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा म्हणतात तो हा. त्या दिवशी ते चालत घरी आले, मी बरोबर.

दुसऱ्या दिवशी मी सलीमच्या दुकानात जाऊन चडफडलो, एका खटाऱ्यापायी म्हातारा जेवला नाही म्हणून. सलीमनं हातातलं काम खाली ठेवलं. "मास्तर, वो गादी अप्पा की घरवाली, गिरिजाभाभी ने सिली थी. अप्पा हर बाजार को पीछे बिठाके लाते थे. डरती थी बेचारी, आहिस्ता चलाव बोलती थी. वो गुजर गई, तब से पीछे कोई बैठा नहीं."

चार वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी रोज त्या सीटकडं बघून मनात शिव्या देत होतो. लाज वाटली, दुसरं काय.

ती दोन पोती अप्पांच्या ओसरीत वर्षभर उभी होती. दर महिन्याला उन्हात घालायचे, लिंबाचा पाला घालून पुन्हा भरायचे. मी म्हणालो, "दळून खा की."

"ती अनामत हाय."

मग उमगलं. गाडी परत मिळायची एकच वाट होती. बाबारावांनी ती पुढच्या जत्रेत उतरवली पाहिजे, ती जिंकली पाहिजे, आणि मग दोन पोती. उतरवणार हे नक्की होतं, म्हाताऱ्याच्या खटाऱ्यावर जिंकून दाखवतो म्हणून ते बाजारभर सांगत होते. पण ती जिंकणार कशी? बाबाराव काही अप्पांसारखे हळू चालवणारे नव्हते, पहिल्याच फेऱ्यात ओढ्यात गेले असते.

जत्रेच्या आदल्या आठवड्यात सलीमच्या दुकानापुढं सगळ्या गल्ल्यांची पोरं कुजबुजताना दिसली. मी गेलो की पांगायची.

शर्यतीच्या दिवशी अप्पा टेबलामागं पंच म्हणून बसले, रजिस्टर पुढ्यात, मी शेजारी. झेंडी पडली. बाबाराव अपेक्षेप्रमाणं ओढ्यात पडलेच, पण दोन गल्ल्यांची सहा माणसं अशी तुटून पडली की गाडी जमिनीला न लागता पलीकडं गेली. तिसऱ्या फेऱ्यात सात गाड्या त्यांच्या पुढं होत्या. आणि मग काय साथ आली कुणास ठाऊक. एकाची साखळी निसटली. एकाला तहान लागली. एकानं भर रानात गाडी उभी करून पायातला काटा काढायला घेतला, तोही बुटावरून. एक तर चक्क लघवीला गेला.

दफा नऊ, मुद्दाम हरणारा बाद! अप्पांनी बघितलं तर सातही जण कायमचे बाद, दफा सहानं शर्यत रद्द, गाडी गेली ती गेली. मी हळूच बाजूला बघितलं.

अप्पांनी चष्मा काढला होता. धोतराच्या सोग्यानं काचा पुसत होते. एक पुसली, दुसरी पुसली, तोंडाची वाफ दिली, पुन्हा पहिली घेतली. मान खाली.

हलगी वाजली तेव्हा चष्मा डोळ्यांवर चढवला. "कोन आलं?"

"बाबाराव."

"गैरप्रकार काही?"

"पंच तुमी हाव, अप्पा."

"मला काही दिसलं न्हाई," अप्पा म्हणाले. "काचंवर लय धूळ होती. लिहा तसंच." मी लिहिलं. डोळे मात्र त्यांचे काचा पुसूनही भरलेलेच होते.

बाबाराव हार घालून मिशा पिळतायत तोवर सलीमच्या हातगाड्यावरून अनामतीची दोन पोती आली. बाबारावांनी पोत्यांकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं, भोवतीच्या गर्दीकडं बघितलं. "दफा आठ" हे शब्द त्यांच्याच तोंडचे होते. चावी दिली बिचाऱ्यांनी. हार तेवढा घेऊन गेले.

रान पांगलं. अप्पांनी गादीवरची धूळ पंच्यानं झटकली, एक उसवलेला टाका बोटानं आत दाबला. मला चेव आला, म्हटलं आज तरी विचारावं. "अप्पा, गावापर्यंत सोडता का?"

"जागा न्हाई, मास्तर."

"ठावं हाय मला," मी म्हणालो.

ते माझ्याकडं बघतच राहिले. मग किक मारली. मान अर्धी मागं वळवली आणि थांबले. इतकी वर्षं मी दुरून बघत होतो, त्या दिवशी हातभर अंतरावर होतो, म्हणून पहिल्यांदा ऐकू आलं.

"बसलीस?" अप्पा म्हणाले.

आणि खड्डे चुकवत, हळूहळू गावाकडं निघाले. मी मागून चालत आलो.