तिसरं बटन नसलेला कोट

आईला जाऊन चार महिने झाल्यावर मधुसूदनने तिची लोखंडी पेटी उघडायचं ठरवलं. लुगडी कुणा गरजूला द्यायची, कागद चाळायचे आणि पेटी माळ्यावर टाकायची, एवढाच बेत होता. पण तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला, मागे आईच्या अक्षरात नाव लिहिलेला आजोबांचा फोटो निघाला, आणि आजोबा चक्क गणवेशात होते! लांब कोट, पितळी बटनं, टोपी, छातीवर पदक आणि मागे राजवाड्याचा जिना. आजोबांना त्याने कधी पाहिलं नव्हतं. ते बाभुळगावकडे शेती करत आणि लवकर गेले, एवढंच घरात बोललं जाई.

"शोभा! आपले आजोबा फौजेत होते!"

"तुमचे," शोभा स्वयंपाकघरातून म्हणाली.

या एका शब्दामागे सव्वीस वर्षांचा संसार होता. शोभाचे आजोबा जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. त्यांचं ताम्रपत्र तिच्या भावाच्या घरी होतं आणि नवराबायकोच्या प्रत्येक वादात ते शेवटी येऊन ठेपे. कूलर कोणत्या खिडकीत बसवायचा, या वादातसुद्धा. मधुसूदनच्या बाजूने देशासाठी कोणी काही केल्याची नोंद नव्हती. (स्वतः तो तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी करत होता, पण त्याला कोणी लढा म्हणत नाही.)

त्याच संध्याकाळी त्याने कॉलनीच्या सचिवाला गाठलं. सव्वीस जानेवारीला सैनिक कुटुंबाचा सत्कार ठरला होता आणि कॉलनीत तसं कुटुंबच सापडत नव्हतं. सचिवाने मधुसूदनला मिठीच मारली. तिसऱ्या दिवशी पत्रिका घरोघर पोचली: 'दुसऱ्या महायुद्धातील वीर जवानाचे नातू श्री. मधुसूदन यांचा सत्कार.'

"पलटण कोणती तेवढं सांगा," सचिव म्हणाला. "मोठ्या फलकावर लिहायची आहे."

आता आली पंचाईत. पलटण मधुसूदनला कुठून माहीत असणार? महायुद्धसुद्धा त्याने बटनांच्या चकाकीवरून ठरवलं होतं.

ऑफिसात कोणीतरी लोहारा गावच्या रूपसिंग राठोडांचं नाव सुचवलं. निवृत्त हवालदार, बावीस वर्षांची नोकरी. मधुसूदन रविवारी फोटो घेऊन पोचला. रूपसिंगांनी चष्मा चढवला, फोटो उन्हात धरला.

"टोपी पोलिसाची दिसून राह्यली. बटनं रेल्वेची. अन् पायात पाहा साहेब, पायात."

पायात चप्पल होती.

"वाळवंटात लढले असतील," मधुसूदन म्हणाला. "तिकडे गरम होतं."

"चपलीवर?"

"तेव्हा सुटीवर आले असतील."

"अन् हे तिसरं बटन..." रूपसिंग बोलता बोलता थांबले. तिसरं बटन नव्हतंच. ते उठले, आत गेले आणि भिंतीवरचा एक फोटो हारासकट घेऊन आले. त्यांचे आजोबा. तोच कोट, तोच जिना, तेच पदक. तिसरं बटन गायब.

"एकाच पलटणीतले!" मधुसूदन आनंदाने ओरडला.

रूपसिंगांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. "साहेब, पलटन एक असन. कोट बी एकच कसा असन?" मग खालच्या आवाजात म्हणाले, "हा फोटो पाहून मी भरती झालतो."

दोन्ही फोटोंच्या कोपऱ्यात बाभुळगावच्या एका स्टुडिओचा पुसट शिक्का होता. रूपसिंगांनी स्कूटर काढली. स्टुडिओ कधीच बंद झाला होता, पण त्या जागेच्या मागे फोटोग्राफरची सून मोतीबाई राहत होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे, नजर शाबूत. त्यांनी दोन्ही फोटो हातात घेतले आणि माहेरचं माणूस भेटावं तशा खुलल्या.

"आमचाच कोट हाय गा हा! माह्या सासऱ्यानं नागपूरच्या जुन्या बाजारातून आनलता. कोन्या दरबानाचा होता म्हनत. लगनासाठी पोरीवाल्यायले फोटो पाठवाचा असला का घाल पोराले कोटात! बाजाराच्या दिवशी रांग लागे बाप्पा."

"आणि पदक?" मधुसूदनने शेवटची आशा धरून विचारलं.

"ते बैलाचं. शंकरपटाच्या शर्यतीत आमचा बैल पयला आलता."

परतीच्या वाटेवर मधुसूदन स्कूटरवर मागे बसला होता. मग रूपसिंगांची पाठ गदगदू लागली. मधुसूदन घाबरला. पण त्यांनी स्कूटर बाजूला घेतली, तेव्हा कळलं की ते हसत होते.

"म्हनजे एका बैलाच्या मेडलपायी मी बावीस वर्षं बर्फात उभा राह्यलो!"

मधुसूदनने तिथूनच सचिवाला फोन लावला. "माझं नाव कापा. खरा हवालदार आणतो."

"मले कायले?" रूपसिंग संकोचले. "बारा वर्षं झाली रिटायर होऊन. आजवर कोनी बोलावलं नाही."

"म्हणूनच."

घरी आल्यावर मात्र खरी परीक्षा होती. मधुसूदनने सगळं सांगून टाकलं आणि ताम्रपत्राची वाट पाहत मान खाली घालून बसला.

"मला माहीत होतं," शोभा म्हणाली. "आईंनी लग्नानंतर लगेच दाखवला होता फोटो. तुमच्या आजी म्हणे सहा महिने विचारत होत्या, 'तुमी पलटनीत वापस कधी जाता?'"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"आई गेल्यापासून पहिल्यांदा तुम्ही मोठ्याने बोलत होतात." तिने चहाचा कप पुढे सरकवला. "म्हटलं, असू दे फौजेत चार दिवस."

मधुसूदनने चहा घेतला. तो कडक आणि गोड होता, त्याला हवा तसा.

"आमच्या बाबांनाही या कोटाची गोष्ट माहीत होती," शोभा पुढे म्हणाली. "बाभुळगावकडच्या मुलाच्या फोटोवर भरवसा ठेवायचा नाही, म्हणायचे. तुमचा फोटो आला तेव्हा ते गुपचूप तुमच्या ऑफिसात येऊन तुम्हाला बघून गेले होते."

हे नवीनच होतं. मधुसूदन सावरून बसला. पोट आत घेतलं, केसांवरून हात फिरवला.

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, फोटोच बरा होता."